सर्व्हिसिंगनंतर ऑइल प्रेशरचा काटा टोकाला, आणि गेजचे दिवे लावले की तापमान वाढतंय

लाटांवर

मंडळी, चार दिवस झाले, डोक्यात दुसरं काही नाही. मदत हवी आहे.

बोटीला चार सिलिंडरचं इनबोर्ड डिझेल इंजिन आहे. आत कूलंट फिरतं, ते हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होतं. वायरिंग १२ व्होल्टचं. दर वर्षीची सर्व्हिसिंग मी स्वतःच करतो, आजवर कधी अडचण आली नाही.

यंदा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), झिंक अॅनोड आणि पट्टा नवा टाकला, कूलंट पूर्ण काढून नवं भरलं. ऑइल फिल्टरवर पट्ट्याचा पाना नीट बसत नव्हता, म्हणून शेजारच्या ऑइल प्रेशर सेंडरच्या (दाब मोजून गेजला कळवणारा भाग) वायरी काढल्या. तेव्हा दिसलं की सेंडरच्या आट्यांतून ऑइल पाझरतंय. मग सेंडरच बाहेर काढला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि परत घट्ट केला. गेजच्या पॅनलची फळीही काढली होती, कारण एका गेजचा बल्ब गेला होता. त्याच वेळी इंजिनकडून पॅनलकडे येणारा मोठा प्लग उघडून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला.

आता त्रास दोन आहेत. किल्ली ऑन केली, इंजिन बंद, तर ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर. इंजिन सुरू झालं की काटा एका झटक्यात १० बारच्या पलीकडे जाऊन टेकतो आणि तिथून हलतच नाही, मग इंजिन थंड असो, गरम असो, आयडलिंगला असो. पूर्वी थंड असताना ४ च्या थोडा वर आणि गरम झाल्यावर आयडलिंगला २ च्या आसपास असायचा.

दुसरं म्हणजे, तापमान नेहमी ८० वर असायचं, आता ८२-८३ दाखवतं. तेवढं चालेल एकवेळ. पण संध्याकाळी गेजचे दिवे लावले की काटा ९५ वर जातो. दोनदा घाबरून इंजिन बंद केलं. दिवे बंद केले की पुन्हा ८२.

दोन्ही सेंडर नवे मागवू का? की इंजिनातच खरंच काही झालंय?

जुना_तांडेल

आधी काहीही मागवू नका. आणि 'गेजच बिघडलं असेल' म्हणून बोट घेऊन बाहेरही जाऊ नका. गेज खरं बोलतंय की खोटं, हे गेजला विचारून कळत नाही. त्याला दुसरा साक्षीदार लागतो.

तापमानासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे सेंडर जिथे आहे त्याच्या अगदी जवळ, काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर मोजा. चकचकीत अॅल्युमिनियमवर थेट मोजलंत तर आकडा बराच कमी येतो आणि माणूस फसतो. मी फसलो आहे.

ऑइलसाठी सेंडर काढून त्याच जागी नळीवालं यांत्रिक प्रेशर गेज लावा आणि इंजिन पाच मिनिटं चालवा. आटे मात्र जुळवून घ्या. सेंडरला कुठे एम१० बाय १ चे आटे असतात, कुठे १/८ एनपीटी (अमेरिकी पाइपचे आटे), कुठे १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइपचे). एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. हाताने दोन-तीन फेरे दोन्ही बसतात, मग अडतं, आणि तिथे पान्याने जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. अडलं तर थांबा.

इम्पेलर आणि कूलंट दोन्ही बदललंय, तेव्हा एक्झॉस्टमधून पाणी पूर्वीइतकं पडतंय ना, ते पाहा. जुन्या इम्पेलरची सगळी पाती शाबूत होती का? एखादं पातं तुटलं असेल तर ते पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन बसतं.

पाना_बारा

मला तर लिहिलेलं वाचताच कारण दिसलं. टेफ्लॉन टेप! एकेरी सेंडरला वेगळी निगेटिव्ह वायर नसते. त्याचं निगेटिव्ह म्हणजे त्याचं स्वतःचं अंग, आटे आणि इंजिनचा ब्लॉक. टेप गुंडाळली की मधे इन्सुलेशन झालं. सेंडर काढा, आटे ब्रशने साफ करा, टेपशिवाय बसवा. पाझरत असेल तर पातळ सीलंटचा एक थेंब आट्यांच्या मधोमध, टोकाचे आटे कोरडे ठेवायचे.

मल्टीमीटर

पाना_बारा, टेपचा संशय योग्य आहे, शंभरात पन्नास वेळा तेच निघतं. पण इथे एक गोष्ट जुळत नाही.

१० बारचं गेज म्हणजे बहुधा युरोपीय पद्धतीचं, व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या धर्तीचं. त्यात शून्य दाबाला सेंडरचा रोध १० ओहम असतो आणि पूर्ण दाबाला १८० च्या आसपास. रोध वाढला की काटा वर. वायर तुटली किंवा निगेटिव्ह गेलं म्हणजे रोध अनंत, काटा टोकाला. इथवर तुमचं बरोबर. पण टेपने निगेटिव्ह तोडलं असेल तर ते इंजिन बंद असतानाही तुटलेलं असणार. मग किल्ली ऑन करताच काटा टोकाला जायला हवा होता. लाटांवर म्हणतात की तेव्हा तो शून्यावर आहे. म्हणजे त्या वेळी वायरीपासून ब्लॉकपर्यंत रस्ता मोकळा आहे आणि इंजिन फिरायला लागल्यावर तुटतो.

पाना_बारा

इंजिनच्या थरथरीने तुटत असेल. सेंडर टेपवर तरंगत असेल तर थरथरीत संपर्क जातो-येतो.

मल्टीमीटर

जातो-येतो असं असेल तर काटाही नाचेल. यांचा काटा टोकाला खिळलाय. तरी मोजून मोकळं व्हावं. लाटांवर, मीटर ओहमवर ठेवा, किल्ली ऑफ, एक टोक सेंडरच्या षट्कोनी अंगावर आणि दुसरं ब्लॉकच्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टवर. एक ओहमच्या आत आलं तर टेप निर्दोष.

आणि तीन गोष्टी सांगा. सेंडरला वायरीचे खांब किती, एक की दोन? ऑइलचा लाल दिवा आणि बझर सध्या काय करतात? आणि किल्ली ऑन असताना काटा नेमका शून्याच्या रेघेवर असतो की किंचित खाली?

लाटांवर

सर्वांचे आभार. आज दिवसभर इंजिनखोलीत होतो. नळीवालं गेज मिळालं, आटे एम१० चे होते, अलगद बसलं.

थंड इंजिन, १२०० आरपीएमला ४.२ बार. चाळीस मिनिटं चालवल्यावर आयडलिंगला २.१. म्हणजे पूर्वीसारखंच. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू! थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपवर ७९ अंश आलं. गेजचे दिवे लावून पुन्हा मोजलं, तिथे ७९ च, आणि पॅनलवर ९५. एक्झॉस्टचं पाणी भरपूर आहे. जुना इम्पेलर टाकला नव्हता, त्याची सगळी पाती जागेवर आहेत.

सेंडर परत बसवून अंग ते ब्लॉक मोजलं, ०.३ ओहम. मीटरची टोकं एकमेकांना लावली तरी ०.२ येतं.

मल्टीमीटर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं. खांब दोन आहेत. काटा शून्याच्या रेघेच्या किंचित खाली टेकतो, तुम्ही विचारल्यावर निरखून पाहिलं. पूर्वीच्या एका फोटोत तो बरोबर रेघेवर आहे. बझरबद्दल मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. सर्व्हिसिंगनंतर पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा बझर बंदच होईना, बारीक आवाजात चिरचिरत राहिला. मला वाटलं बझर खराब झाला, म्हणून पॅनलमागे त्याची वायर काढून ठेवली. लाल दिवाही पूर्ण विझत नाही, मंद लालसर राहतो. दिवसा कळत नाही, आज सावली करून पाहिला तेव्हा दिसला.

मल्टीमीटर

मग सापडलं. दोन खांबांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे.

खांबांशेजारी धातूवर कोरलेली अक्षरं असतील, चिंधीने पुसून विजेरी मारून पाहा. एका खांबाशी 'जी', दुसऱ्याशी 'डब्ल्यूके'. ही जर्मन अक्षरं आहेत. 'जी' म्हणजे गेबर, तिकडे सेंडरला तेच म्हणतात. 'डब्ल्यूके' म्हणजे वार्नकोन्टाक्ट, धोक्याचा स्विच. एकाच डबीत दोन वेगळी यंत्रं बसवलेली असतात. 'जी' मध्ये दाबाप्रमाणे बदलणारा रोध, तो गेजसाठी. 'डब्ल्यूके' मध्ये साधा स्विच, दाब नसेल तेव्हा जोडलेला आणि दाब आला की तुटणारा, तो दिवा आणि बझरसाठी.

आता उलट लावल्यावर काय होतं ते पाहा. गेजची वायर स्विचवर आहे. इंजिन बंद, स्विच जोडलेला, रोध शून्य. गेजला तिथे १० ओहमची सवय, मिळाले शून्य, म्हणून काटा रेघेच्या किंचित खाली. इंजिन सुरू, दाब आला, स्विच तुटला, रोध अनंत, काटा टोकाला. इंजिन गरम असो की थंड, स्विच तुटलेलाच, म्हणून काटा हलत नाही.

दिव्याची वायर रोधावर आहे. इंजिन बंद असताना १० ओहममधून दिवा जवळजवळ पूर्ण पेटतो, संशय येत नाही. इंजिन चालू झाल्यावर रोध वाढून ८०-९० ओहम होतो, पण तुटत नाही. त्यातून थोडा करंट जातच राहतो. म्हणून दिवा मंद आणि बझर चिरचिरता. तुमचा बझर बिचारा खरंच बोलत होता.

बदलण्याआधी मोजा. किल्ली ऑफ, दोन्ही वायरी सेंडरवरून काढलेल्या. हे महत्त्वाचं, वायर जोडलेली असताना ओहम मोजले तर गेजच्या आतला रोधही त्यात मिसळतो आणि आकडा भलताच येतो. 'जी' ते अंग दहाच्या आसपास, 'डब्ल्यूके' ते अंग शून्याजवळ यायला हवं.

जुना_तांडेल

लाटांवर, एक सांगतो, राग मानू नका. बझरची वायर आज रात्री झोपण्याआधी परत जोडा. प्रेशर गेल्यावर बेअरिंगला मिळणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो, आणि त्या सेकंदांत तुमची नजर समोर पाण्यावर असणार, काट्यावर नव्हे. कान मात्र उघडे असतात. टोकाला अडकलेला काटा आणि मुका बझर, ही जोडी मला सगळ्यात वाईट वाटते, कारण ती बघताना सगळं उत्तम आहे असं दिसतं.

लाटांवर

तांडेल काका, राग कसला. तुमचा निरोप वाचला आणि विजेरी घेऊन खाली उतरलो. जोडला आहे.

किनाऱ्याची_वाट

मधेच विचारते, माफ करा. माझ्या पेट्रोल इंजिनचा ऑइल सेंडर बदलला आणि आता सगळं उलट दिसतं. इंजिन बंद असताना काटा पूर्ण वर, चालू केलं की खाली येतो. माझ्याही वायरी उलट लागल्यात का? सेंडरला खांब मात्र एकच आहे.

मल्टीमीटर

ताई, एकच खांब म्हणजे अदलाबदलीचा प्रश्न नाही. तुमचं गेज अमेरिकी पद्धतीचं असावं आणि नवा सेंडर युरोपीय आला असावा. अमेरिकी जोडीत शून्याला २४० ओहम आणि पूर्णला ३३, म्हणजे दाब वाढला की रोध कमी. युरोपीय जोडीत १० ते १८०, दाब वाढला की रोधही वाढतो. अमेरिकी गेजला युरोपीय सेंडर लावला की इंजिन बंद असताना १० ओहम मिळतात, ते पूर्ण दाब समजून काटा वर जातो. दोन्हींचे आटे सारखे असू शकतात, त्यामुळे बसतो आरामात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. गेजच्या पाठीवर किंवा डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात पाहा, आणि जुना सेंडर असेल तर त्याचा रोध मोजा.

शिवाय युरोपीय सेंडरांतही ५ बारचा वेगळा, १० बारचा वेगळा. दोघांचा रोध तोच, १० ते १८०. ५ चा सेंडर १० च्या गेजला लावला तर काटा खऱ्या दाबाच्या जवळपास दुप्पट दाखवतो. हा सगळ्यात धोकादायक घोटाळा, कारण काटा हलतो, शहाण्यासारखा वागतो, फक्त आकडा खोटा असतो.

अक्षरांचाही घोळ आहे. अमेरिकी गेजच्या पाठीवर 'एस' म्हणजे सेंडर आणि 'जी' म्हणजे ग्राउंड. युरोपीय गेजवर तेच 'जी' म्हणजे सेंडर. अक्षरावर विश्वास ठेवण्याआधी गेज कुठल्या पद्धतीचं ते ठरवा.

जुना_तांडेल

आणि ताई, पेट्रोल इंजिन आहे, तेव्हा वायरींना हात लावण्याआधी ब्लोअर (इंजिनखोलीतली हवा बाहेर काढणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवा, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. वायर ब्लॉकला टेकवून तपासताना ठिणगी पडते. शक्य तेवढं मीटरनेच करा.

किनाऱ्याची_वाट

गेजच्या खालच्या कडेला खरंच २४०-३३ लिहिलंय! आणि नव्या सेंडरच्या खोक्यावर १०-१८०. खूप खूप आभार. आता धागा लाटांवर यांना परत देते.

लाटांवर

अदलाबदलच होती. 'जी' ते अंग ११ ओहम, 'डब्ल्यूके' ते अंग ०.३. अक्षरं होती, पण ऑइल आणि रंगाच्या थराखाली. वायरी बदलल्या. किल्ली ऑन, काटा बरोबर शून्याच्या रेघेवर. इंजिन सुरू झालं, दिवा पूर्ण विझला, बझर गप्प, काटा ४ च्या किंचित वर. इंजिन चालू असतानाच 'जी' वरची वायर क्षणभर काढून रोधही मोजला, साधारण ८५ ओहम.

पण आनंद अर्धा तास टिकला. अंधार पडल्यावर गेजचे दिवे लावले. तापमान ८२ वरून ९५, आणि आता ऑइल प्रेशरही ४.२ वरून ३.५ वर उतरलं! तापमान वर, दाब खाली, दोन्ही एकदम. यांत्रिक गेजने आणि टेपवरच्या मापाने इंजिन ठीक आहे हे मला ठाऊक आहे, तरी पोटात गोळा आला. हे नवीन काही आहे का?

मल्टीमीटर

नवीन नाही, जुनंच. आधी ऑइलचा काटा टोकाला खिळलेला होता म्हणून त्याच्यावर परिणाम दिसत नव्हता.

आणि तापमान वर, दाब खाली, हे एकाच कारणाने होतं. तापमानाचा सेंडर उलट्या चालीचा असतो, गरम झाला की रोध घटतो. या पद्धतीच्या सेंडरचा ८० अंशाला सुमारे ६९ ओहम, १०० ला सुमारे ३८. म्हणजे गेजला रोध खरा आहे त्याहून कमी भासला, तर तापमानाचं गेज 'जास्त गरम' म्हणेल आणि ऑइलचं गेज 'कमी दाब' म्हणेल. दोघांना एकच खोटी बातमी मिळते, दोघं आपापल्या भाषेत सांगतात. डिझेलच्या टाकीचं गेज याच पद्धतीचं असेल तर दिवे लावल्यावर टाकीही थोडी रिकामी दिसेल. पाहा बरं.

रोध कमी का भासतो? सेंडरचं निगेटिव्ह ब्लॉकवर आहे. गेजचं निगेटिव्ह पॅनलमागून लांबच्या काळ्या वायरीने ब्लॉककडे येतं. त्या काळ्या वायरीत कुठे सैल किंवा गंजलेला जोड असेल तर गेजचं निगेटिव्ह शून्यावर न राहता वर उचललं जातं. दिवे बंद असताना तिथून थोडाच करंट जातो, म्हणून फरक दोन-तीन अंशांचा. दिवे लावले की एक अँपिअरच्या आसपास करंट त्याच जोडातून परततो, निगेटिव्ह आणखी उचललं जातं, आणि त्याच्या तुलनेत सेंडर जास्त खाली आहे असं गेजला वाटतं.

मोजणं सोपं आहे. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक गेजच्या पाठीमागच्या निगेटिव्ह खांबावर, काळं टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लांब वायर जोडून. इंजिन चालू, दिवे चालू. चांगल्या वायरिंगमध्ये ०.१ व्होल्ट दिसावा, ०.२ पर्यंत ठीक. इथे ओहम मोजू नका. सैल जोड ओहममीटरच्या इवल्याशा करंटला निर्दोष दिसतो, करंट वाहत असतानाच त्याचं खरं रूप कळतं. पॅनलवर व्होल्टमीटर असेल तर दिवे लावताना तो किती उतरतो तेही सांगा.

पाना_बारा

टेपवर मी अडून बसलो होतो, ते मोजमापाने चुकीचं ठरलं, मान्य. पण या दुसऱ्या भानगडीत माझा पैसा त्या मोठ्या प्लगवर. तुम्ही लिहिलंय की तो उघडून क्लीनर मारला. अशा प्लगमध्ये मागच्या कुलपाची जीभ वाकली की एखादी पिन परत जोडताना मागे सरकते. बाहेरून प्लग पूर्ण बसलेला दिसतो आणि आत ती पिन जेमतेम टेकलेली असते.

लाटांवर

पाना_बारा दादा, तुम्ही जिंकलात!

गेजचं निगेटिव्ह ते बॅटरीचं निगेटिव्ह, दिवे बंद ०.१६ व्होल्ट, दिवे चालू ०.८४. पॅनलचा व्होल्टमीटर दिवे लावल्यावर १४.० वरून १३.३ वर उतरतो, त्याच वेळी बॅटरीवर मीटर १४.१ दाखवतं. व्होल्टमीटर उतरतो हे मी पूर्वी पाहिलं होतं, पण दिव्यांमुळे थोडं उतरणारच असं समजून सोडून दिलं होतं. टाकीचं गेजही दिवे लावल्यावर जवळजवळ एक अष्टमांश खाली येतं, मल्टीमीटर म्हणाले तसंच.

मग काळं टोक बॅटरीवर तसंच ठेवलं आणि लाल टोक काळ्या वायरीच्या मार्गाने एकेक जोड पुढे नेत गेलो. पॅनलमागच्या नटावर ०.८४, प्लगच्या पॅनलकडच्या बाजूला ०.८३, इंजिनकडच्या बाजूला ०.०६. सगळी घसरण त्या एका प्लगमध्ये. उघडून पाहिलं तर काळ्या वायरीची मादी पिन तीन-चार मिलिमीटर मागे सरकलेली, तोंडाशी हिरवा थर, आणि एका बाजूने प्लास्टिक किंचित तपकिरी झालेलं. फार नाही, पण उष्णता झाली होती हे दिसतंय.

तात्पुरती पिन पुढे ढकलून प्लग बसवला, घसरण ०.०९ वर आली. तापमान ८०, दिवे लावले तरी ८०. आता पक्कं कसं करू? काही जण म्हणतात, सरळ पॅनलपासून निगेटिव्ह बसबारपर्यंत (सगळ्या काळ्या वायरी एकत्र येतात ती पट्टी) वेगळी काळी वायर ओढ.

जुना_तांडेल

नुसती ढकललेली पिन पुन्हा मागे जाईल. कुलपाची जीभ थकली आहे. पिन बाहेर काढा, नवी लावा. वायरीचं टोक आत किती हिरवं झालंय ते पाहा, काळवंडलेलं असेल तर चकचकीत तांबं किंवा कथिल लागेपर्यंत मागे कापा. क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा, नुसत्या डाखावर भरवसा ठेवू नका, थरथरीत डाखाच्या कडेला वायर तुटते. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. प्लगच्या घरात पिन घालताना 'टक' असा आवाज यायला हवा, मग वायर हलकी ओढून पाहा, मागे येता कामा नये. प्लग बंद करण्याआधी डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि प्लगच्या दोन्ही बाजूंना वायरीला आधाराची पट्टी, म्हणजे वजन पिनांवर येणार नाही. तपकिरी झालेल्या प्लास्टिकचा भरवसा वाटत नसेल तर प्लगच्या दोन्ही बाजू नव्या घ्या. मी घेतल्या असत्या.

वेगळी काळी वायर ओढायला हरकत नाही, पुष्कळ जण करतात. पण त्याआधी बॅटरीपासून इंजिनपर्यंतची जाड निगेटिव्ह केबल तपासा, आणि तिची दोन्ही टोकं उघडून, घासून, परत घट्ट करा. ती जाड केबल सैल असेल आणि तुम्ही पॅनलमार्गे बारीक वायरीची दुसरी वाट करून ठेवली असेल, तर स्टार्टर फिरवताना त्याचा शेकडो अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेने परतायला बघतो. बारीक वायर लाल होऊन जळलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. वायरींच्या जुड्यात आग लागली म्हणजे ती एकटी वायर जळत नाही.

मल्टीमीटर

काकांच्या मताशी पूर्ण सहमत. जाड केबलचीही तीच चाचणी. लाल टोक ब्लॉकच्या स्वच्छ बोल्टवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि कुणाला तरी स्टार्टर फिरवायला सांगा. इंजिन सुरू होऊ न देता, स्टॉप ओढून, तीन-चार सेकंद पुरेत. त्याहून जास्त वेळ नको, नाहीतर एक्झॉस्टच्या पाणकुलपात पाणी साचत जातं. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर केबल किंवा तिचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या) बदला.

लाटांवर

आज काम पूर्ण झालं. प्लगच्या दोन्ही बाजू नव्या टाकल्या, सगळ्या पिना नव्या. एका वायरीचं टोक चार बोटं मागे कापावं लागलं, तिथे चकचकीत तांबं मिळालं. जाड निगेटिव्ह केबलवर स्टार्टर फिरवताना ०.२१ व्होल्ट, तरी दोन्ही लग उघडून घासले. वेगळी वायर ओढली नाही, आता गरज दिसत नाही.

दिवे बंद असताना गेजचं निगेटिव्ह ०.०२, दिवे चालू असताना ०.०५. दोन तास चालवून आणलं. तापमान ८० वर, काळ्या टेपवर ७९. ऑइल प्रेशर गरम आयडलिंगला २.१, यांत्रिक गेजवर जे होतं तेच. अंधार झाल्यावर दिवे लावले आणि पाच मिनिटं नुसता काट्यांकडे बघत बसलो. एकही हलला नाही.

सेंडरच्या दोन्ही वायरींना पिवळ्या नळीचे तुकडे चढवून त्यावर 'जी' आणि 'डब्ल्यूके' लिहिलंय. दोन्ही वायरींचा खांबांसकट फोटो काढून इंजिनच्या वहीत चिकटवलाय. सेंडरवरची टेफ्लॉन टेप काढून टाकली, सीलंटचा एक थेंब लावला, दोन तासांत ऑइल पाझरलं नाही.

पाना_बारा

झकास! एकच सुचवतो, एका खांबाचा लग बदलून वेगळ्या मापाचा स्पेड (चपटं टोक) लावता येत असेल तर लावा. मग अंधारात, उलटं लोंबकळून काम करतानाही चुकीची वायर चुकीच्या खांबावर बसणारच नाही.

लाटांवर

माझ्या सेंडरवर एक खांब नटाचा आणि एक स्पेडचा येतो का, पाहतो. सध्याच्यावर दोन्ही एकाच मापाचे स्क्रू आहेत, म्हणून तर घोटाळा झाला. एका वायरीला छोटं छिद्र असलेली रिंग लावली तर ती मोठ्या स्क्रूवर जाणार नाही, पण दोन्ही स्क्रू सारखेच, त्यामुळे तो उपाय चालणार नाही. 'डब्ल्यूके' ची वायर मात्र मुद्दाम इतकी आखूड बांधली आहे की ती दुसऱ्या खांबापर्यंत पोचतच नाही.

जुना_तांडेल

हे उत्तम केलंत. थरथरीत ताण येणार नाही एवढी ढील मात्र ठेवा.

लाटांवर

ठेवली आहे काका, दोन बोटांची.